अकरा नंबरची मराठी प्रत

वनमाला कुडाळकरला इंग्रजीची धास्ती होती ती शाळेपासून. बोरीवलीच्या मराठी शाळेतली पोर, एसेस्सीला इंग्रजीत अडतीस मार्क. पण नशीब बघा, पोटापाण्याला तेच इंग्रजी आलं. टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन ती कांदिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली, आणि तिथे तिला साहेब मिळाले ते चंद्रप्रकाश.

चंद्रप्रकाश साहेब तसा माणूस वाईट नव्हता. एखाद्याला पानाचं व्यसन असतं, ह्याला जड इंग्रजी शब्दांचं, एवढंच. रोज सकाळी डिक्टेशनच्या आधी तो दोन-चार शब्द द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मास्तरासारखा विचारायचा.

"मिस कुडाळकर, सरकार कायदा रद्द करतं?"

"रिपील, सर."

"लायसन्स काढून घेतात?"

"रिव्होक. लग्न रद्द झालं तर अ‍ॅनल, तह मोडला तर अ‍ॅब्रोगेट."

"आणि आपणच काढलेला हुकूम आपणच मागे घेतला तर?"

"रिसाइंड."

"व्हेरी गुड!" साहेबाची कळी खुलायची.

वनमालाने ह्या शब्दांची एक शंभर पानी वही केली होती, ती टेबलाच्या खणात असे. त्यात दोन याद्या. एकीचं नाव 'रद्द करण्याचे शब्द' आणि दुसरीचं 'अंग चोरण्याचे शब्द'. दुसऱ्या यादीत शर्क होता, इव्हेड होता, आजाऱ्याचं सोंग करणाऱ्यासाठी मॅलिंगर होता. आणि सगळ्यांत भारदस्त होता डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी. त्याच्यापुढे तिने आपल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, कामात कसूर.

टायपिंगखेरीज तिच्याकडे आणखी एक काम होतं. कारखान्याचं प्रत्येक परिपत्रक निघायचं इंग्रजीत, आणि कामगार सगळे मराठी. म्हणून इंग्रजी कागदाच्या खाली मराठी प्रत लावायची असा नियम होता. मराठी टाइपरायटर काही साहेबाने घेऊन दिला नव्हता. वनमाला बॉलपेनने हाताने लिहायची, बोर्डावर टाचणीने लावायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची. इंग्रजी प्रत लावली, सही. मराठी प्रत लावली, सही. चार वर्षांत एक कागद चुकला नव्हता.

चुकला तो एका शुक्रवारी.

त्या दिवशी दुपारी साहेबाने तीन ओळींचं परिपत्रक दिलं. जुनं परिपत्रक अकरा असं होतं की सकाळच्या चहाच्या सुट्टीत थिनर यार्डाच्या रखवालदाराने फाटकाला कुलूप लावून कँटीनला गेलं तरी चालेल. आता ते रिसाइंड. बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही. वनमालाने ते टाइप केलं, शिपायाकडून बोर्डावर लावून घेतलं आणि रजिस्टर उघडलं. साडेचार वाजले होते. कुंदा, तिची टायपिंग क्लासपासूनची मैत्रीण, बोरीवली स्टेशनाबाहेर उभी राहणार होती. साड्यांचा सेल, अर्ध्या किमतीत, शेवटचा दिवस. मराठी प्रत काय, पाच मिनिटांचं काम! सोमवारी आल्या आल्या लिहू, असं म्हणून बाईने दोन्ही रकान्यांत सही ठोकली आणि पर्स उचलून निघाली. आंबा रंगाची साडी मिळाली, काठ झकास होते. सोमवारी पगारपत्रकांचा ढीग आला आणि अकरा नंबर डोक्यातून पार गेला.

मंगळवारी सकाळी दहा चाळीसला थिनर यार्डाला आग लागली.

भिंतीपलीकडे कुणी पाइपाला वेल्डिंग करत होतं. ठिणगी उडून ताडपत्रीवर पडली, ताडपत्री पेटली, तिच्याखाली थिनरची पिंपं. फाटकाला कुलूप, आणि किल्ली रखवालदार दशरथ खंडागळेच्या खिशात, दशरथ चहाला कँटीनमध्ये. धोंडू नावाच्या हेल्परने पहारीने कुलूप तोडलं आणि वाळूच्या बादल्या ओतल्या. आग विझली. पण धोंडूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दुपारपर्यंत सगळा कारखाना एकच बोलत होता, की आणखी दोन मिनिटं गेली असती तर वाट लागली होती, पेंट शॉपमध्ये साठ माणसं होती.

बुधवारी सकाळी साहेबाने शब्द विचारले नाहीत. "लिहून घ्या," म्हणाला. वनमालाने शॉर्टहँडची वही उघडली. दशरथ खंडागळे, रखवालदार, याजवर आरोपपत्र. परिपत्रक अकरा रिसाइंड झाले असतानाही...

तिथे तिची पेन्सिल थांबली.

मराठी प्रत. ती लिहिलीच नव्हती. कोरा कागद खणात तसाच होता, त्या शब्दांच्या वहीखाली. साहेब पुढे सांगत होता, ग्रॉस नेग्लिजन्स, विलफुल डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी, चौकशी होईपर्यंत सस्पेंड. तिचा हात आपोआप रेघोट्या मारत होता आणि डोळ्यांपुढे मात्र धोंडूचे हात दिसत होते.

"काय झालं, मिस कुडाळकर?"

"काही नाही, सर."

"रजिस्टर काढून ठेवा. मराठी प्रत लावल्याची सही आहे ना? बस. केस पक्की आहे."

आता हिने काय करावं? खरं बोलावं, नाही का? आपण इथे बसून म्हणायला काय जातं! तिच्या घरी एक म्हातारा बाप होता, नाना. आयुष्यभर गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिलेला, संपात घरी बसला तो तीन वर्षं बसूनच होता. घरात येणारा पगार एकच, तो वनमालाचा. खोटी सही म्हणजे नोकरी गेली. आणि नुसती नोकरी नाही. धोंडूचे हात कुणामुळे भाजले, हे साऱ्या कारखान्याला कळणार.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले तेव्हा तिने तो कोरा कागद काढला. परिपत्रक अकरा रद्द करण्यात येत आहे. खाली तारीख घातली ती शुक्रवारची. घाईत शाई नीट उतरेना, 'रद्द' दोनदा गिरवावं लागलं. मग ती बोर्डापाशी गेली, इकडे तिकडे बघितलं आणि कागद इंग्रजी प्रतीखाली टाचून टाकला. टाचणी बोटात घुसली. रक्ताचा थेंब तिने पदराला पुसला आणि मागे न बघता जागेवर येऊन बसली. कुणी पाहिलं नव्हतं. निदान तिला तसं वाटलं.

त्या रात्रीपासून तिला झोप नाही. बिल्डिंगच्या जिन्यात पाऊल वाजलं की ती उठून दाराची कडी बघायची. आंबा रंगाची साडी कपाटात घडी न मोडता पडली होती, आणि कपाट उघडताना ती दुसरीकडे बघायची. चौकशी पुढल्या गुरुवारी ठरली. बाहेरचा वकील येणार होता, आणि कंपनीची पहिली साक्षीदार कोण, तर वनमाला कुडाळकर. काम फार नाही, साहेब म्हणाला. रजिस्टर दाखवतील, ही सही तुमची का विचारतील, हो म्हणायचं. एक शब्द!

चौकशीच्या आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, दारावर थाप पडली. नानांनी दार उघडलं. बाहेर दशरथ खंडागळे उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि मागे त्याची बायको शकु.

आत या, असं नानाच म्हणाले.

दशरथ खुर्चीच्या कडेवर टेकला. शर्टाच्या खिशातून त्याने आरोपपत्र काढलं. ओळीने बारीक टाइप केलेला कागद, आणि खाली डाव्या कोपऱ्यात कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे दोन जोड्या अक्षरं. सांगणाऱ्याची सी.पी., मग तिरकी रेघ, मग टाइप करणारीची व्ही.के. वनमालाला दुसरं काही दिसेचना.

"बाई, हे तेवढं वाचून दाखवा," दशरथ म्हणाला. "इंग्रजी आपल्याला येत नाही."

तिने वाचलं. एकेक ओळ संपली की मराठीत सांगितली. कामात कसूर म्हणाली तेव्हा दशरथने मान हलवली.

"बाई, मी गावाकडं शाळेत गेलो नाही. इथं वस्तीतल्या प्रौढ वर्गात बाराखडी शिकलो, चाळिशीत. आणि वाचायची सवय कुठं केली माहिताय? तुमच्या बोर्डापुढं. ड्यूटी सुटली की रोज उभा राहायचो. छापील अक्षर मला अजून जड जातं, तुमचं गोल अक्षर मी धडाधड वाचतो." तो जरासा हसला. "शुक्रवारी पण उभा होतो. नुसतं इंग्रजी होतं. आपलं ठरलेलं, इंग्रजी एकटं असलं की ते साहेब लोकांसाठी, खाली मराठी असलं की आपल्यासाठी. मराठी नव्हतं. सोमवारी पण नव्हतं."

"आता लागलंय म्हणे," दशरथ खाली बघत म्हणाला. "लवू सांगत होता, दुसऱ्या पाळीचा. अक्षर बाईंचंच आहे, म्हणाला. कधी लागलं, ते मी विचारत नाही."

तिला वाटलं, आता हा ओरडेल. शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! पण दशरथने कागदाची घडी घातली.

"उद्या मी सांगणार, वाचायचं माझं राहिलं. तुमचं नाव मी काढणार नाही. पोरीच्या शाळेचा अर्ज तुम्ही लिहून दिला होता, मी विसरलो नाही. फक्त एवढं सांगा, चूक कबूल केली तर नोकरी ठेवतील का?"

वनमालाला उत्तर माहीत होतं. विलफुल म्हणजे जाणूनबुजून, त्या शब्दाला माफी नसते.

शकु मात्र इतका वेळ दाराशी उभी होती ती एकदम पुढे आली. "ह्यांना लई मोठेपणा सुचलाय, मला नाही. माझ्या दोन पोरी आहेत, बाई. धोंडूची बायको नळावर माझ्याशी बोलत नाही. यांनी तिच्या नवऱ्याचे हात जाळले म्हणते. तुम्ही बोला. तुम्हाला ठाऊक आहे ते तुम्ही बोला!"

"शकु, चल," दशरथ म्हणाला.

ते गेले. नाना खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना सगळं कळलं होतं, गिरणीत आयुष्य घालवलेला माणूस तो.

"वनू, तू गप ऱ्हव," ते म्हणाले. "सही आसा म्हणजे कागद लागलोच. माझ्या येळाक कोण बोललो होतो गो? इंग्लिशीत पत्र इला, शेजाऱ्यान वाचून दाखवल्यान, नोकरी गेली. संपला." मग तिच्याकडे न बघता, "पण तो शेजारी त्या पत्राखाली सही करणारो नव्हतो."

तेवढं बोलून म्हातारा आत जाऊन पडला.

गुरुवारी सकाळी मीटिंगच्या खोलीत पंखा फिरत होता आणि तरी वनमालाचा ब्लाउज घामाने भिजला होता. टेबलाच्या टोकाला वकील, बारीक अंगाचा, चष्मा नाकावर. बाजूला चंद्रप्रकाश साहेब. समोर दशरथ, त्याच पांढऱ्या शर्टात. आणि भिंतीशी धोंडू, दोन्ही हातांना बँडेज, ते मांडीवर उताणे ठेवलेले. त्याला नाक खाजवायचं होतं, आणि ते त्याने खांद्याला घासून खाजवलं. वनमालाने ते पाहिलं.

"खंडागळे, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"चूक माझी, साहेब. वाचायचं राहिलं."

वकिलाने लिहून घेतलं. मग रजिस्टर वनमालापुढे सरकवलं आणि त्यावर तो मराठी कागद ठेवला, बोर्डावरून काढून आणलेला, वरच्या कोपऱ्यात टाचणीचं भोक. 'रद्द' दोनदा गिरवलेलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"हे अक्षर?"

"माझंच."

"म्हणजे शुक्रवारी मराठी प्रत लावली होती."

हा प्रश्नसुद्धा नव्हता. वकील लिहायला खाली वाकलाच होता. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं. पगार राहिला असता, नानांचं औषध राहिलं असतं, कुणाला काही कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला खरं बोलायचं नव्हतं. तिला पळून जायचं होतं. पण समोर दशरथ मान खाली घालून बसला होता, तिचं नाव निघायला नको म्हणून, आणि ते काही तिला सोसेना.

"नाही," ती म्हणाली.

वकिलाचं पेन थांबलं.

"शुक्रवारी लावली नव्हती. मी सही आधी केली आणि लवकर गेले. हा कागद मी आग लागल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिला, जेवणाच्या सुट्टीत. तारीख खोटी आहे." तिने रजिस्टर वकिलाकडे परत सरकवलं. "खंडागळेंना कुणी सांगितलंच नव्हतं, साहेब. मी सांगायचं होतं."

चंद्रप्रकाश साहेबाचा चेहरा पांढराफटक पडला. दशरथने मान वर केली. धोंडू तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते तिने बघितलं नाही, तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं.

दुपारी तीन वाजता साहेबाने आत बोलावलं. "लिहून घ्या," म्हणाला. कारखान्यात दुसरी टायपिस्ट होती कोण?

पहिलं पत्र चार ओळींचं. दशरथ खंडागळे यांच्यावरील आरोपपत्र रिसाइंड करण्यात येत आहे, कामावर रुजू व्हावे. दुसरं पत्र मिस वनमाला कुडाळकर यांना. रजिस्टरमध्ये खोटी नोंद, खोटी तारीख, आणि... साहेब तिथे थांबला. रोज शब्द विचारताना थांबायचा तसाच, सवयीने. या खेपेला त्याने विचारलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "विलफुल डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी. उद्यापासून सस्पेंड."

तिने दोन्ही पत्रं दोन कार्बन घालून टाइप केली. स्पेलिंग एकदाही चुकलं नाही. खाली डाव्या कोपऱ्यात घातलं सी.पी., तिरकी रेघ, व्ही.के. साहेबाने सह्या केल्या आणि कागद परत देताना म्हणाला, "मराठी प्रतपण काढा, दोन्हींच्या. वकील साहेब सांगून गेलेत, आता प्रत्येक कागदाची पाहिजे."

ती जागेवर येऊन बसली. खणातून बॉलपेन काढलं. वही उघडायची गरज पडली नाही, अर्थ पाठ होता. दुसरं पत्र लिहायला तिला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

साडेपाचला ती फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा दशरथ तिथे उभा होता, कामावर घेतल्याचा कागद हातात. खाकी टोपी त्याने परत घातली होती. बायका जाताना रखवालदाराने पर्स तपासायची, हा नियम. त्याने पर्स तपासली नाही. तिच्या हातातल्या घडी घातलेल्या कागदाकडे त्याची नजर गेली.

"हे काय, बाई?"

तिने घडी उलगडून त्याच्या हातात दिली. दशरथने टोपी मागे सरकवली, कागद दूर धरला आणि एकेका अक्षराखाली बोट सरकवत वाचायला लागला, बोर्डापुढे उभा राहून वाचायचा तसा. मिस वनमाला कुडाळकर यांनी. कामात. बोट थांबलं.

"अक्षर तर तुमचंच आहे की, बाई," तो म्हणाला, आणि पुढचं त्याला वाचवेना.